जकार्ताचा गणपती

आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा कसा झाला, हे विचारणारी माणसं आता संपत आली. नव्या सुना विचारतात, पण त्यांना उत्तर नको असतं. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून पोटऱ्या भरून आल्या की तो प्रश्न आपसूक तोंडातून बाहेर पडतो. मी सांगते, पूर्वीपासूनच आहे गं बाई. साफ खोटं आहे ते. पूर्वीपासून आमचा गणपती दीड दिवसाचा, वाडीतल्या सगळ्यांसारखा. तो पाच दिवसांचा झाला जकार्ता नावाच्या गावात झालेल्या फुटबॉलच्या एका मॅचमुळे. असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. माझं आता वय झालं, गुडघे गेले, रागवायचाही कंटाळा येतो, पण एकदा सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. माझ्यानंतर हे सगळं ठाऊक असलेलं कुणी नाही.

आमचं घर खोपोलीच्या अलीकडे, शिळफाट्यापासून चालत येण्यासारखं. पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल आणि त्याच्याही मागे पडवी. पडवीतून उतरलं की परसात अळू, भेंडी, शिराळ्यांचा मांडव आणि त्याच्या पलीकडे थेट भात. आमचं घर कधी गप्प असायचंच नाही. घाटातून उतरणारे ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत यायचे, कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि पॉवरहाऊसचं पाणी सुटलं की नदीचा आवाज एकदम वाढायचा. आई त्या आवाजावर कामं लावायची. पाणी सुटलं म्हणजे धुणं घेऊन निघायचं, दुसऱ्या भोंग्याला भाकऱ्या थापायला बसायचं. घड्याळ आमच्याकडे होतं, बाबांचं, पण ते बाबांच्याच हातावर असायचं आणि बाबा घरात कमी असायचे.

बाबा कारखान्यात फिटर होते. शेतीही होती, पण बाबांचा जीव ना फिटरकीत ना भातात. त्यांचा जीव फुटबॉलमध्ये. कारखान्याच्या टीममध्ये ते गोली होते. पावसाळ्यात सगळं गाव चिखलात राबून दमून घरी यायचं आणि आमचे बाबा कामावरून सुटले की मुद्दाम दुसऱ्या चिखलात लोळायला जायचे. आई दारातच पाण्याची बादली ठेवून म्हणायची, "रेड्यावानी लोळून येता, आधी पाय धुवा." बाबा पाय धुता धुता कुणी कसा बॉल मारला आणि आपण तो कसा अडवला ते सांगायचे. आई ऐकायची नाही, पण मधून मधून "मंग?" म्हणायची. तेवढं त्यांना पुरायचं. एकदा टीमबरोबर मुंबईला जाऊन त्यांनी मोठे खेळाडू खेळताना पाहिले होते. त्या खेळाडूंची नावं आमच्या घरात मामा-काकांसारखी घेतली जायची. मला आता त्यातलं एकही धड आठवत नाही.

त्या वर्षी एशियाड जकार्ताला होतं. आपली टीम पहिलीच मॅच कोरियाकडून हरली आणि बाबा दोन वेळ जेवले नाहीत. मग आपण एकामागून एक जिंकत गेलो. शिळफाट्यावर काशिनाथशेठचं चहाचं हॉटेल होतं, तिथे रेडिओ होता. बाबा सायकलवरून तिकडे जायचे आणि बातम्या ऐकून यायचे. तिथले प्रेक्षक आपल्या पोरांना ओरडून हैराण करतायत, आपल्या एकाचं डोकं फुटलंय, टाके घातलेत, तरी तो पट्टी बांधून खेळतोय, असं काय काय सांगत ते आत शिरायचे. आम्हाला ते सगळं रामायणातल्यासारखं वाटायचं. शेवटी कळलं की आपण फायनलला गेलो आणि फायनल पुन्हा त्याच कोरियाशी. आणि ती होती गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला.

आता आईकडे वळते, कारण हे सगळं खरं तिच्याविषयीच आहे. तिचं माहेर डोंगरपट्टीत, कर्जतला गाडीतून उतरून पुढे चांगली पायपीट होती, मध्ये दोन ओढे आणि एक नदी. वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणं व्हायचं. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी तिकडचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्या हाती धोंडूमामाने निरोप धाडला. आजीला ताप आहे, तोंडात काही घेत नाही, मध्येच हाक मारते, सावित्रीला बोलवा म्हणते. सावित्री म्हणजे माझी आई. तिच्या पाठची दोन भावंडं लहानपणीच गेलेली, त्यामुळे आजीचा तिच्यावर जीव जरा जास्तच.

निरोप ऐकला तेव्हा आई तांदूळ धूत होती. मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि मग जात्यावर दळायचे, हे काम आधीपासून करावं लागतं. तिने हात थांबवला नाही. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "देव आटपून जाते. तिसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं. चार दिवस ऱ्हाईन." बाबा म्हणाले, "जा की. आठ दिवस ऱ्हा. सुमी बघंल घराकडं." सुमी म्हणजे मी. माझा भाऊ अनंता तेव्हा अगदी लहान होता, त्याला ती बरोबर नेणार होती. बाबांची आई हयात नव्हती. त्यामुळे देवाचं सगळं सोवळं-ओवळं, नैवेद्य, आल्यागेल्याचं बघायला आईशिवाय घरात बाई नव्हती. देव घरात असताना घर सोडून जाणं तिच्या मनातही आलं नसेल. दीड दिवसाचा तर प्रश्न होता.

चतुर्थीला गणपती बसला. संध्याकाळच्या आरतीला वाडीतली माणसं आली, कारखान्यातले बाबांचे दोस्त आले. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजलीचे देवे झाले, सगळे कसे छान तापलेले. बाबांच्या हातात झांजा होत्या. कुणीतरी म्हणालं, "गोविंदा, उद्या काय करतील रं तुझी पोरं?" बाबांनी झांजा खाली ठेवल्या, गणपतीपुढे हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, उद्या आमच्या पोरांना जिंकव. जिंकली तर तुला पाच दिवस ठेवीन." लोकांनी मोरया केलं. आई प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, ते तिने कमरेवर घेतलं, जड झाल्यासारखं.

ज्यांच्या घरी गणपती येत नाही त्यांना यातली मेख कळणार नाही. गणपतीचे दिवस वाढवता येतात, कमी करता येत नाहीत, निदान आमच्याकडे तसंच मानतात. एकदा पाच दिवस ठेवला की दरवर्षी पाच. माणसं गेली, पैसा गेला, घर पडलं तरी पाच. म्हणून शहाणी माणसं तसा शब्द काढत नाहीत. काढलाच तर मुलगा व्हावा म्हणून, कुणी मरणाच्या दारातून परत यावं म्हणून. फुटबॉलसाठी असं बोलून बसलेला आमच्या अख्ख्या तालुक्यात एकच माणूस असेल.

जेवताना आई म्हणाली, "तुमी बोलून गेलात. पन माझी आय तिकडं वाट बघतेय." बाबांचा घास हातातच राहिला. खरं सांगते, ते विसरले होते. मुद्दाम नाही, वाईट बुद्धीने नाही, पार विसरले होते. त्यांचा चेहरा बघून मलाच त्यांची कीव आली. मग म्हणाले, "अगं, कोरिया म्हंजे काय सोपं हाय? पयल्याच मॅचला त्यांनी आपल्याला लोळवलं. हरतील आपली पोरं. तू कशाला काळजी करतेस, परवाच्या गाडीनं जा तू." आयुष्यभर आपली पोरं जिंकावीत म्हणून जीव टाकणारा माणूस बायकोची समजूत काढायला म्हणाला, हरतील. आईने त्यांच्या पानात भात वाढला.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. परसातलं अळू, माठ, भेंडी, शिराळी, मक्याची कणसं, सगळं एकत्र शिजवून केलेली ती बुळबुळीत, गोडसर भाजी मला फार आवडायची. अजून आवडते, पण आता कुणी परसातली करत नाही, शिळफाट्याच्या बाजारात वाटे मिळतात. आईने सकाळीच भाजी चढवली. मग दही-पोह्यांची तयारी केली, देवाला जाताना शिदोरी द्यायची म्हणून. एका फडक्यात देवाची शिदोरी, आणि तिच्या शेजारी दुसऱ्या फडक्यात तिचं स्वतःचं सामान बांधलेलं: एक लुगडं, अनंताचे कपडे, आजीसाठी थोडी सुंठ आणि खडीसाखर. मोदक तिने कागदात वेगळे बांधले होते, आजीला उकडीचे आवडायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी ते कडक होणार हे तिलाही ठाऊक होतं.

दुपारी मी माजघरात गेले तर आई गणपतीपुढे बसलेली. ओठ हलत होते. काय मागत होती ते मला विचारावं लागलं नाही. त्या दिवशी देशात ज्याला ज्याला फुटबॉल ठाऊक होता तो आपण जिंकावं म्हणून देव पाण्यात घालून बसला असेल, आणि माझी आई एकटी हरावं म्हणून बसली होती. मला काय वाटावं ते मला कळेना. बाबांनी मला पट्टी बांधलेल्या त्या खेळाडूच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की त्याने हरावं असं म्हणायला जीभ वळेना. मी नुसतीच तिच्या शेजारी बसले.

उन्हं कलली तशी वाडीतले गणपती निघाले. पॉवरहाऊसचं पाणी सुटलेलं, नदीला छान पाणी. टाळ-झांजा वाजवत मंडळी आमच्या अंगणात येऊन थांबली. दरवर्षी तिथून आमचा देव त्यांच्यात सामील व्हायचा. पण बाबा घरी नव्हते. जेवण झाल्यावर सायकल घेऊन ते शिळफाट्यावर जाऊन बसले होते आणि जाताना सांगून गेले होते, मी येईस्तोवर उत्तरपूजा करायची नाही. एकदा उत्तरपूजा होऊन देव हलवला की मग ठेवता येत नाही. मंडळी थांबली, बसली, कुणी तंबाखू मळली. एक म्हातारा म्हणाला, "सावित्रे, कवर थांबायचं गं? अंधार पडंल." आई म्हणाली, "यवढ्यात येतील." ती ओटीच्या पायरीवर उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. मला अजून तिची ती पाठ दिसते.

आधी सायकलची घंटी ऐकू आली. बाबा भिजून चिंब झाले होते, वाटेत कुठेतरी पडलेही असावेत, गुडघ्याला माती होती. अंगणात शिरले आणि म्हणाले, "दोन-एक." इतकंच. मग श्वास घेऊन म्हणाले, "त्या डोकं फुटलेल्यानं मारला रं एक." बाप्यांनी त्यांना उचललं. झांजा वाजल्या. मीही उड्या मारल्या, अनंताही मारायला लागला. लोकांच्या खांद्यावरून बाबांची आणि आईची नजरानजर झाली तेव्हा बाबांचं हसू कसं मावळलं तेही मी पाहिलं. पण आता शब्द गेला होता. वाडीचे गणपती नदीकडे गेले, आमचा जागेवर राहिला. आईने दही-पोहे आम्हा दोघांना ताटलीत काढून दिले आणि म्हणाली, "खावा. देवाला लागनार नायत आज." दुसरं फडकं तिने सोडलं नाही. तसंच कोनाड्यात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या गाडीची वेळ झाली आणि गेली. आमच्याकडून ती गाडी दिसायची नाही, पण वारा असेल तसा शिटीचा आवाज यायचा. आई मोदक वळत होती. पाच दिवस म्हणजे पाच दिवसांचा नैवेद्य, पाच संध्याकाळची भजनं आणि भजनाला येणाऱ्यांचा चहा. ती घाईने हात चालवत होती, जणू तिने लवकर केलं तर दिवस लवकर संपतील.

दुपारनंतर पाऊस धरला होता. धोंडूमामा आला. मीच पहिल्यांदा पाहिला, परसाच्या टोकाला, गोठ्याच्या वळचणीला उभा, डोक्यावर घोंगडी. मी ओरडले, "मामा आला." बाबा बाहेर गेले. दोघं बोलत होते, ऐकू येत नव्हतं. बाबांनी एकदा मामाच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मामा आला की आधी थेट देवापुढे जायचा, मग चुलीपाशी येऊन आईला चिडवायचा, काय सावित्रे, जाडी झालीस म्हणून. मी एका वाटीत दोन मोदक आणि तांब्यात पाणी घेऊन गेले. मामाने पाणी ओंजळीत घेतलं, पण मोदकाला हात जोडले. "नको बाय, पोटात बरं नाय," म्हणाला. घरात चल म्हटलं तर म्हणाला, "गाडी गाठायचीय." देवाच्या दर्शनालाही आला नाही. घोंगडी सावरून, माझ्याकडे न बघता तसाच माघारी गेला.

मी वळले तर पडवीच्या दारात आई. तिने सगळं पाहिलं होतं. बाबा पायरीपाशी आले आणि तिने काही विचारायच्या आत म्हणाले, "धोंडू आलता. आय हाय तशीच हाय म्हनतो. देव आटपला की ये म्हनला." आईने एकदा मामा गेला त्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीपाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि ती उजव्या हाताला फडकं गुंडाळत बाहेर आली. "हात भाजला," मला म्हणाली. "आता माझ्यानं व्हायचं नाय. सुमे, तू आंघोळ कर परत नि नैवेद्याचं तू बघ." मी म्हटलं, मला मोदक येत नाहीत. "मी सांगते," म्हणाली. आणि पडवीत, उंबऱ्याच्या बाहेर, एक गोणपाट टाकून बसली.

त्यानंतर आई माजघरात आली नाही. चुलीपाशीही आली नाही. पडवीतूनच सांगत राहिली. उकड गरम हाय तवर मळ. पान्याचा हात लाव. मोदकाचं पान कडेला पातळ कर, मधी जाड ठेव. कळ्या जवळ जवळ काढ. माझे पहिले मोदक फुटले, सारण बाहेर आलं, मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, "फुटूं दे. देव काय बोलत नाय." नैवेद्य मी दाखवला, दिव्यात तेल मी घातलं, आरतीचं ताट मी सजवलं. संध्याकाळी भजनाला आलेल्या बायकांनी विचारलं, सावित्री कुठं आहे, तर मी सांगितलं, हात भाजलाय. त्या पडवीत जाऊन हळहळून आल्या. हात दाखव म्हणाल्या तर तिने दाखवला नाही.

बाबांचं सांगायचं राहिलं. माझं साधं बोट भाजलं तरी खोबरेल घेऊन धावणारा माणूस तो. त्या संध्याकाळी ते आले, त्यांनी आईच्या हाताचं फडकं पाहिलं, उंबऱ्याच्या बाहेर टाकलेलं गोणपाट पाहिलं, आणि तसेच गोठ्यात गेले. बराच वेळ म्हशीच्या अंगावरून हात फिरवत बसले. नंतरचे दोन दिवस आमच्या घरात आवाज झाला तो भजनाचा आणि माझ्या भांड्यांचा. कारखान्यातली माणसं पेढे घेऊन येत होती, गोविंदा तुझा नवस पावला म्हणत होती. बाबा मान हलवत होते. मला वाटत होतं, बाबांना जिंकल्याचा आनंद कसा नाही, आणि मीच आपली आनंदात, कारण मोदक आता फुटत नव्हते.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. मी दही-पोह्यांची शिदोरी बांधली. बाबांनी देव उचलला. आई सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून नदीपर्यंत आली. बाबा पाण्यात उतरून देव सोडून आले, लोकांनी वाळू घेतली, पाट धुतला. तेवढ्यात आई खालच्या अंगाला, जरा बाजूला, एकटीच पाण्यात उतरली. केस सोडले आणि डोक्यावरून बुडी मारली. मी धावले. ती वर आली तेव्हा हाताचं फडकं सुटून वाहत चाललं होतं. मी तिचा हात धरला. तळवा बघितला, मनगट बघितलं. कुठे चट्टा नव्हता, फोड नव्हता, काही नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने हात सोडवून घेतला आणि पदर पिळला.

बाबा आले. काठावर उभे राहून म्हणाले, "अगं, ऐक..." आई म्हणाली, "हितं नका सांगू. घरी चला. घरी सांगा, मंग रडते."

घरी आल्यावर रिकाम्या पाटासमोर बाबांनी सांगितलं. आय गेली, आपण जिंकलो त्याच दिवशी, दिवेलागणीला. मग आई रडली. इतकी मोठ्याने की वाडीतल्या बायका धावत आल्या आणि त्यांना वाटलं, बिचारीला आत्ता कळलं.

मला समजायला पुढे काही वर्षं जावी लागली. लेकीला आईचं सुतक कानावर पडल्यापासून लागतं. धोंडूमामाने मोदक नाकारला, देवापुढे आला नाही, तेव्हाच तिला कळलं होतं. पण ती विचारती तर कुणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर देव तसाच अर्ध्यात उठवावा लागला असता, नवऱ्याचा चारचौघांत दिलेला शब्द मोडला असता. म्हणून तिने विचारलं नाही. आणि न विचारता आपल्या आईचं सुतक मात्र पाळलं, देवाला न शिवता, उंबऱ्याबाहेर बसून, भाजलेल्या हाताचं निमित्त करून. किती वेळा मला तिचा राग येतो. बाबांपेक्षा तिचाच. ओरडायचं होतंस, त्यांची झांज त्यांच्या डोक्यात घालायची होतीस, असं मी मनात कितीदा बोलले आहे. पण तिची जात वेगळी होती, आणि त्या बाईपुढे आवाज चढवायची माझी कधी टाप झाली नाही.

लोकांना वाटतं, अशा गोष्टीनंतर माणूस बदलतो. बाबा बदलले नाहीत. पुढच्या पावसात पुन्हा चिखलात लोळून आले, आईने पुन्हा बादली ठेवली. फक्त मॅचचं सांगणं बंद झालं आणि आईचं "मंग?" बंद झालं. जकार्ताचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. त्यानंतर आपल्याला फुटबॉलचं तसलं सोनं कधी मिळालं नाही. नशीबच म्हणायचं, नाहीतर आमचा गणपती दहा दिवसांचा झाला असता.

बाबा गेल्यावर अनंताने विषय काढला होता. म्हणाला, "आये, तुला आता झेपत नाय. देवाला विचारून दीड दिवसाचा करू." आई तेव्हा पार वाकली होती, भिंतीला धरून चालायची. ती म्हणाली, "ज्याच्यापायी मी माझ्या आयचं तोंड नाय बघितलं, त्याला दीड दिवसात कसा घालवू रं? मंग ती उगाच गेली म्हनायची." अनंताने पुन्हा विषय काढला नाही. मी लग्न होऊन भिसेगावात आले, तरी दरवर्षी पाच दिवस तिकडे जाऊन मोदक मीच करत राहिले. किती हजार वळले असतील, देव जाणे.

आता अनंताही थकला आहे. त्याचा मुलगा प्रशांत, सून स्नेहल. ती साजगावच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये आहे, तिला पाच दिवस रजा मिळत नाही. रात्री सारण करते, सकाळी कामावर पळते, संध्याकाळी येऊन भजनाचा चहा टाकते. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभ्या उभ्या झोपली होती, मी पाहिलं. या वर्षी चतुर्थीच्या आधी मी अनंताला म्हटलं, "बस झालं." तो म्हणाला, "आयनं सांगितलेलं विसरलीस काय?" मी म्हटलं, "विसरले नाय. म्हणूनच सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नारळ घेऊन देवापुढे बसले. मला मंत्र येत नाहीत. मी म्हटलं, देवा, तुला पाच दिवस ठेवलं ते बाबांच्या तोंडून निघालं म्हणून, आणि चाललं ते आईने फेडलं म्हणून. तिचं फेडून झालं, आमचंही झालं. राग आला तर माझ्यावर काढ, माझे थोडेच दिवस राहिलेत. नारळ फोडला, चांगला निघाला. नासका निघाला असता तरी मी ऐकणार नव्हते.

संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यांबरोबर आमचा गणपती निघाला. किती वर्षांनी. नदीवरून आल्यावर स्नेहल भांडी आवरत होती. मी विचारलं, "तुझी आई कुठं असते गं?" ती म्हणाली, "पोलादपूरला. का हो आत्या?"

"उद्या सकाळच्या एस्टीनं जा."

"अहो पण आई बरी आहे माझी. आत्ता तर बोलले फोनवर."

"बरी हाय तवाच जायचं असतं," मी म्हटलं.

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. मग हात पुसून प्रशांतला सांगायला बाहेर गेली. सकाळी तिच्या डब्यात मी दही-पोहे भरले आणि वरून दोन मोदक ठेवले.